साल्कॉवच्या मागावर स्टॉकहोममध्ये

डिसेंबरात इथे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, म्हणून कुंगस्ट्रेडगोर्डेन या बागेतल्या बर्फाच्या स्केटिंग रिंकवर सकाळीच गेलेलं बरं. भुयारी रेल्वेचं त्याच नावाचं स्टेशन शेजारीच आहे. बूट भाड्याने मिळतात, पण फिगर स्केटिंगचेच मागा. हॉकीच्या पात्याला पुढचे दाते नसतात. नाड्या बोटांपाशी सैल, घोट्याला करकचून आणि वरच्या हुकांवर पुन्हा जराशा ढिल्या बांधा. वरपर्यंत आवळल्या तर गुडघा वाकत नाही आणि तोल मागे जातो.

मी इथे आलो तो स्वीडिश फिगर स्केटिंगपटू उल्रिक साल्कॉवपायी. त्याने १९०९ साली स्पर्धेत मारलेली उडी आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. पात्याच्या तळाला पन्हाळ असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. डावीकडे फिरणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे येतो, वळून त्याच पायाच्या आतल्या कडेवर मागे सरकतो, मागचा उजवा पाय वळसा घालून पुढे फेकतो आणि उडतो. हवेत एक फेरी, मग उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, पाठमोरंच उतरायचं. दात्यांचा टेकू घ्यायचा नाही.

उडी बिघडते ती बहुधा वळणातच. खांदे वेळेवर रोखले नाहीत तर अंग आधीच गरगरतं आणि कड घसरते. बर्फ वाकून पाहा: जमलेल्या वळणाची रेघ बारीक, धारदार कमान असते, फसलेल्याचा नुसता खरवडलेला पट्टा.

साल्कॉव जन्मला कोपनहेगनला, १८७७ मध्ये, पण खेळला स्वीडनकडून. दहा जागतिक विजेतेपदं: १९०१ ते १९०५ आणि १९०७ ते १९११. मधल्या १९०६ साली स्पर्धा म्युनिकला होती. जर्मन खेळाडू गिल्बर्ट फुक्सविरुद्ध तिथे न्याय मिळणार नाही, या धास्तीने तो गेलाच नाही. गडी हट्टी होता, यात वाद नाही. १९०८ चं ऑलिम्पिक सुवर्ण त्याने लंडनला जिंकलं. रौप्य आणि कांस्यही स्वीडिश खेळाडूंनीच नेलं. मला मात्र १९२० चं अँटवर्प जास्त भावतं: वय ४२, क्रमांक चौथा. पुढे १९२५ ते १९३७ तो आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा अध्यक्ष होता.

१९४९ मध्ये तो स्टॉकहोमला वारला. त्याची कबर शहराला लागून असलेल्या सोल्ना इथल्या नोरा दफनभूमीत आहे. आल्फ्रेड नोबेलही तिथेच आहे. आवार अफाट आहे आणि हिमवृष्टीनंतर दगडांवरची नावं झाकली जातात, तेव्हा कबरीची जागा आधीच काढून ठेवा.