तीन फुल्या

इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या एका रुग्णालयात मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, मी तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. माझा दिवस जातो तो पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर, आणि उरलेला अहवाल लिहिण्यात.

त्या आजी सोमाली, सत्तरीपुढच्या. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, उजवा हात लुळा. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, तेव्हा हे कुटुंब नेदरलँड्सला गेलं आणि दहाएक वर्षांनी इथे आलं. लेस्टरमध्ये अशी डच-सोमाली घरं बरीच आहेत. आजी सोमाली बोलणार, दोघी मुली आपसांत डच, इथेच जन्मलेली सतरा वर्षांची नात इंग्रजी. नातीला कळू द्यायचं नसलं की दोघी हटकून डचवर जातात.

घरच्यांना दुभाषी करायचं नाही हा आमचा नियम, आणि तो योग्यच आहे. म्हणून दुभाषी फोनवर, स्पीकर खाटेवर. आता होतं काय, आजी अर्धा शब्द बोलतात, थांबतात, भलताच शब्द येतो, मग पुन्हा पहिला. दुभाषी सांगतो, "त्यांना पाणी हवंय." अहो, मला तो फुटका शब्दच हवा होता! कुठला आवाज गळला, कुठला दुसऱ्याच्या जागी आला, यावर तर माझं निदान उभं. दरवेळी आधी बजावते, ऐकू येईल तसंच सांगा. दोन मिनिटं पाळतात, मग सवयीने इस्त्री फिरतेच. त्यात आमचा चित्रसंच. मोगादिशूत वाढलेल्या बाईला ओकच्या झाडाचं फळ दाखवून विचारायचं, हे काय?

आकडे मात्र आजींनी दहापर्यंत धडाधड म्हटले. अल-फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, तर कुठेही न अडखळता. घरच्यांना वाटलं, झाली बरी. पाठ असलेलं बऱ्याचदा टिकतं, बोलणं जातं. हे समजावून सांगणं मला कामात सगळ्यात जड जातं.

मग नातीकडे बोट दाखवून विचारलं, "हिला काय म्हणता?"

"अयेयो."

दुभाषी म्हणाला, "आजी."

आणखी दोनदा विचारलं. अयेयो. अयेयो. नातीला आजी म्हणणं म्हणजे नात्यांच्या शब्दांची अदलाबदल, आमच्या तक्त्यात त्याला रकाना आहे. तीन फुल्या मारल्या.

नातीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "ती मला नेहमी अयेयोच म्हणते. मम्मी मला होयो म्हणते, म्हणजे आई."

सोमालीत मोठं माणूस लहानाला आपलंच नातं लावून हाक मारतं. दुभाष्याला हे ठाऊक नसणार असं नाही. त्याला शब्दाचा अर्थ विचारला, त्याने अर्थ सांगितला.

"तू तर म्हणालीस, सोमाली येत नाही."

"नाहीच येत. हे घरातलं आहे."

आमची आजी माझ्या भावाला "जेव रे बाबा" म्हणायची. तिला कुणी फुली मारली नव्हती. अकरा वर्षं हे काम करतेय. जुने अहवाल उघडून बघायचा धीर अजून झालेला नाही.

फुल्या खोडल्या. मी कागद आवरत होते तेव्हा मोठी मुलगी माझ्याकडे बघत बहिणीला डचमध्ये काहीतरी पुटपुटली. नात फस्सकन हसली. दोघींनी एकदमच तिच्याकडे वळून पाहिलं, तशी ती हसू गिळून पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.