पाण्यातली मोटर, कोरड्यातला डबा

सप्टेंबर २०२५. सीनेचा पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी परंडा तालुक्यातल्या एका गावात पोचलो. नळयोजनेची विहीर नदीकाठी. तिच्या शेजारची पंपाची खोली छतापर्यंत बुडून गेली होती. पाणी सोडणारे काका दारातल्या चिखलात उभे होते. म्हणाले, "सायेब, पान्यातली मोटर जित्ती हाय. कोरड्यातला डबा मेला."

मोटरच्या तारा तपासायचं यंत्र, मेगर, लावला. खरंच, आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, वाइंडिंग, शाबूत! पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबलच ती, तिचा जन्म पाण्यातच जायचा. पण भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर बसवलेला स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करायचा तो डबा, गाळाने गच्च भरला होता. तारांचे खांबही आडवे झालेले.

आम्हा मराठवाड्यातल्या पाणीपुरवठावाल्यांचं सगळं शिक्षण दुष्काळात झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. उन्हाळ्यात झरा कुठे टिकेल एवढंच आम्ही बघायचो, म्हणून विहीर नदीला जितकी जवळ तितकी बरी. पूर कुठवर चढतो, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या खोलीचा नकाशा माझ्याच हाताखालून गेला होता.

मांडववाल्याचा जनरेटर आणि नवा स्टार्टर येईपर्यंत दुपार झाली. तरी ती विहीर उपसून स्वच्छ व्हायला दोन दिवस जाणार होते. तोवर लोकांनी प्यायचं काय? एका आजींनी वरच्या आळीतला आड दाखवला. नळ आल्यापासून त्यावर पत्रा टाकलेला. पूर तिथवर पोचला नव्हता.

पाणी मोजून हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडर कालवली, वरची निवळी आडात सोडली. अर्ध्या तासाने नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले; पाण्यात क्लोरीन उरला असेल तर याने पिवळा रंग येतो. रंग नाही. पुन्हा तेवढीच मात्रा, पुन्हा अर्धा तास. घागरी रांगेत, बाया गप्प. कडेवरचं एक लेकरू पाण्यासाठी रडत होतं आणि मी नळी उजेडात धरून उभा. तिसऱ्या खेपेला पिवळा रंग आला. पहिली घागर त्या लेकराच्या आईने भरली.

संध्याकाळी काकांनी कडुलिंबाच्या खोडावरची गाळाची रेघ दाखवली. टेप धरला, खोलीच्या जोत्यापासून अकरा फूट. अंदाजपत्रकात चौदा फुटांचे खांब आणि त्यावर स्टार्टरचं पॅनेल लिहिलं. काकांनी त्या रेघेवर तेलरंगाचा पट्टा ओढला, खाली तारीख घातली.