पाटीच्या दगडावर लिहायचं काय

‘यावर तू लिहिणार काय?’ अक्षरं कोरायला आणलेल्या माझ्या दगडाकडे बघत ताईने एवढंच विचारलं आणि परत फोनमध्ये डोकं घातलं. तिला उत्तर नकोच होतं, सहज विचारलं होतं. मला मात्र तो प्रश्न तेव्हापासून छळतोय. दगड कुठला, छिन्नी केवढी, खाच किती खोल, धूळ कशी आवरायची, कुठलंही विचारा, झोपेतून उठवून विचारा, सांगेन. लिहायचं काय, ते नाही सांगता येत. आणि ते न येण्याची लाज का वाटावी, हेही कळत नाही.

म्हणून जे येतं ते आधी लिहून टाकते.

घरात बसून अक्षरं कोरायची तर दगड पाटीचा. स्लेट. संगमरवर जास्त मऊ, कठीणपणाच्या मोह्स मापावर ३, कारण तो जवळजवळ सगळा कॅल्साइट या मऊ खनिजाचा असतो. पण तो मनात ठेवतो. छिन्नी जरा जास्त उभी धरून जोरात मारली, तर वरून काही दिसत नाही. आतले स्फटिक मात्र चिरडलेले असतात आणि पॉलिश केल्यावर नेमका तिथेच पांढरट डाग वर येतो. मुका मार म्हणतात तो हाच. ग्रॅनाइटच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. त्यात क्वार्ट्झ हे खनिज असतं, कठीणपणा ७, आणि फेल्डस्पार हे दुसरं, ६. हाताने त्यात रेघ ओढली जात नाही, कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण टोकाच्या, टोच्याने ठिपक्याला ठिपका लावत जावं लागतं. वालुकाश्म कापायला सोपा, पण कण सुटे, बारीक अक्षराची कड राहत नाही.

स्लेटचे कण अतिशय बारीक आणि घट्ट बसलेले, म्हणून कड सुरीसारखी निघते. शिवाय रंग भरावा लागत नाही. छिन्नी लागली की काळ्यावर फिकट राखाडी रेघ लगेच दिसते. हा फिकटपणा म्हणजे निव्वळ खरवडलेला पृष्ठभाग असतो. त्यामुळे काम झाल्यावर दगड छान काळाभोर दिसावा म्हणून तेल लावलं, की अक्षरंही काळी पडतात आणि लेख गायब. तेलाचा मोह टाळायचा. लावायचंच असेल तर आधी अक्षरांत रंग किंवा सोन्याचा वर्ख.

निवडताना दोन गोष्टी. तुकडा एका हातात लोंबता धरून बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत भेग आहे. दिसत नसली तरी आहे. आणि सोनेरी ठिपके दिसले तर तो तुकडा बाजूला. ते पायराइट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. छिन्नी त्याच्यावर आली की वाकडी सरकते, आणि दगड बाहेर राहिला तर पुढे तिथून गंजाचा ओघळ येऊ शकतो. जाडी २० मिमी बरी. १० मिमीच्या खाली हातोडीने काम करताना अख्खी पाटीच तडकण्याची भीती. कौलाचे जुने तुकडे सरावाला चालतात, पण ते ओल्या पोत्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर पूर्ण टेकवून. खाली कुठे पोकळी राहिली की संपलं.

मग घासणं. लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून, पाणी घालत, आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००. गोल गोल. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर ते कोरल्यानंतर तिरप्या उजेडात दिसतात आणि तेव्हा काही करता येत नाही. ४०० च्या पुढे जायची हौस करू नये. फार गुळगुळीत झालं की अक्षरं आखायची पांढरी पेन्सिल धरत नाही.

धुळीबद्दल मी कडकच आहे. स्लेटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि त्याची अगदी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन तिथेच राहते; सिलिकोसिस त्यातूनच होतो आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून काही उपयोग नाही. एन-९५ तरी हवाच, तोही नाकाशी आणि गालाशी नीट बसणारा. मशीनने, म्हणजे हिऱ्याच्या बरने (गरगर फिरणाऱ्या छोट्या टोकाने) काम करणार असाल तर पाणी लावल्याशिवाय नाहीच. खरं तर मशीन ही वेगळीच भानगड. स्वस्त बरवर हिऱ्याची पूड निकेलच्या पातळ थराने चिकटवलेली असते, कोरडं चालवलं की तापून तो थर उडतो आणि मग नुसता लोखंडी गोळा दगडावर फिरत राहतो. आणि पाणी विजेच्या हत्यारात जाता कामा नये. हाताने छिन्नी चालवताना धूळ कमी आणि कपच्या जास्त, म्हणून चष्मा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे खोलीबाहेरही झटकायचे नाहीत, वेगळे भिजवायचे. आणि हे सगळं स्वयंपाकघरात करायचं नाही, हे सांगायला लागू नये. लागतं.

बघा, हे मी असं न थांबता बोलू शकते. आणि ताईने विचारलं काय, तर चार शब्दांचं.

सरावाच्या पाट्यांवर काय आहे? क, ट, ठ, ळ. उभे दंड, नुसते दंड, एकामागे एक. शिरोरेषा. अर्धगोल. परत दंड. दोन्ही बाजू भरलेल्या, कडांनासुद्धा रेघा. एवढ्या पाट्या आणि एक धड शब्द नाही. कागदावर असं कधी वाटलं नव्हतं. कागदावर काहीही लिहावं, किराणाची यादीसुद्धा. दगड समोर आला की आपण एकदम गंभीर होतो, आणि गंभीर झालं की सुचतात ती सगळी वाक्यं आधीच कुठल्यातरी भिंतीवर लिहिलेली असतात. ‘सत्यमेव’ नको. आईचं नाव... ते राहू दे. आपलं स्वतःचं नाव कोरायचं तर आपण अजून चालत्याबोलत्या आहोत. मग उरलं काय? माझ्याकडे दगडाच्या तोलाचं सांगण्यासारखं काहीच नाही, एवढाच या प्रश्नाचा अर्थ निघतो. हाताला येतं, डोक्यात नाही. पाथरवटाला हा प्रश्न पडत नसावा. त्याला मजकूर दुसरा कोणीतरी आणून देतो. मला कोण आणून देणार?

बरं, जुने लोक तरी फार थोर काही लिहीत होते असंही नाही. इजिप्तमधल्या रोझेटा दगडासारखा जगप्रसिद्ध दगड घ्या. इसवी सनापूर्वी १९६ मधला, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला, आणि तोही ग्रॅनाइटच्या जातीच्या कठीण दगडात. मजकूर काय, तर पुरोहितांच्या मंडळाचा ठराव, त्यात राजाची स्तुती आणि देवळांना दिलेल्या सवलती. करमाफी! माणसांनी किती दिवस खपून करमाफी कोरली. हे आठवलं आणि मघापासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मग मी उलटीकडून विचार करायला लागले. मजकूर शोधायचा नाही, अक्षरं शोधायची. छिन्नीला काय झेपतं?

खाच व्ही आकाराची असते, हे इथे महत्त्वाचं. दोन्ही भिंती तिरप्या आणि तळाला एक बारीक रेघ. दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा ठेवला तर खोली रुंदीच्या निम्मी: ६ मिमी रुंद दंड ३ मिमी खोल. कोन ६० चा केला तर तोच दंड ५ मिमीच्या जरा वर खोल जातो, सावली जास्त काळी पडते, पण कडा नाजूक होतात. भिंतींचा उतार मात्र सगळीकडे सारखा ठेवायचा. म्हणजे रेघ बारीक होते तिथे खाच आपोआप उथळ होते. बोरूच्या अक्षरातली जाडबारीक रेघ दगडात खोलउथळ होते. म्हणून आधी अक्षर तिरक्या कापाच्या बोरूने किंवा चपट्या कुंचल्याने कागदावर लिहायचं, आणि मगच दगडावर उतरवायचं. पट्टी घेऊन दोन समांतर रेघा मारून केलेलं अक्षर कोरलं की मेलेलं दिसतं. रोममध्ये ट्रेजन या सम्राटाच्या स्तंभाखालचा लेख आहे, इसवी सन ११३ चा. तोसुद्धा आधी चपट्या कुंचल्याने लिहून मग कोरला, हे सुलेखनकार एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ मध्ये सविस्तर मांडलं आणि आज ते बहुतेकांना मान्य आहे.

अक्षराची उंची सुरुवातीला ४० ते ५० मिमी. लहान अक्षर सोपं असेल असं वाटतं, ते उलट आहे. लहान अक्षरात अर्धा मिमी हललं तरी दिसतं.

छिन्नी कार्बाइडच्या टोकाची, एक ६ मिमीची आणि एक १० ची, एवढ्यावर बरीच वर्षं निघतात. हातोडी गोल डोक्याची, अर्ध्या किलोच्या आसपास. छिन्नी डाव्या हातात साधारण ४५ अंशांत, करंगळी दगडावर टेकलेली. घाव घालायचे नाहीत, टकटक चालू ठेवायची, आणि दगड निघतोय तशी छिन्नी पुढे सरकत राहायची. आधी मधली रेघ. मग एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, थोडं थोडं रुंद करत कडेपर्यंत. शेवटचा अर्धा मिमी सर्वात हलक्या हाताने. उजेड एका बाजूने तिरपा. दिवा समोरून असला की सावली पडत नाही आणि खाच आहे की नाही तेच कळत नाही. धार गेली की आवाज बदलतो आणि खाचेत पीठ साचायला लागतं. कार्बाइडला साध्या करड्या चाकावर धार लागत नाही. हिऱ्याची पट्टी लागते. आणि तापलेलं टोक पाण्यात बुडवायचं नाही, तडकतं.

आता अक्षरं. स्लेट पापुद्र्यांची असते, त्यामुळे जिथे चारी बाजूंनी खाच आणि मध्ये छोटंसं बेट, तिथे ते बेट उडतं. ठ चं पोट, ढ चं, ब चं, क चा डावा डोळा. नियम एकच की ज्या बाजूला दगड कमी, त्या बाजूकडे जोर जाता कामा नये. बेटाला लागून असलेली भिंत हातोडी बाजूला ठेवून, नुसत्या हाताच्या दाबाने खरवडायची. स्लेट तेवढी सोसते. दुसरी अडचण शिरोरेषेची. प्रत्येक दंड तिला जाऊन भिडतो आणि दोन खाचा जिथे भेटतात तिथले आतले कोपरे टवके होऊन निघतात. मी दंड शिरोरेषेच्या अलीकडे २-३ मिमी थांबवते, शिरोरेषा पूर्ण कापून घेते आणि जोड शेवटी. काही जण उलटं करतात, त्यांचंही चांगलं येतं. आणि रेघेचं टोक बाहेरच्या दिशेने कधीच संपवायचं नाही. छिन्नी उलटी वळवून टोकाकडून आत यायचं.

म्हणजे शब्द असा हवा की ज्यात पोट नाही, जोडाक्षर नाही, दंड थोडेच. न चालतो. त चालतो. र ला तर दंडच नाही. ग आणि व मध्ये, ग बरा, व ला पोट आहे.

न, त, र.

नंतर.

मी एकटीच हसले. एवढा पाषाण, एवढा गाजावाजा, आणि लिहायचं काय तर ‘नंतर’. पण त्यात खोट सापडत नाहीये. पोट एकही नाही. दंड दोनच. शिरोरेषा आटोपशीर. न ची गाठ आणि र ची गाठ दोन्ही भरीव, म्हणजे खाच तिथे सर्वात खोल जाणार आणि सावली छान बसणार. ताईला सांगितलं तर ती म्हणेल, अगं पण अर्थ काय याचा? म्हणू दे.

अंतर मात्र मोजून चालणार नाही. न चा दंड आणि त चा बाक यांच्यात नेहमीएवढी जागा पुरते. त चा दंड आणि र यांच्यात तेवढीच ठेवली तर भोक पडल्यासारखं दिसतं, कारण र च्या डाव्या अंगाला खाली सगळं मोकळंच असतं. र चांगलाच जवळ ओढायला हवा. कागद उलटा धरून बघितलं, आरशात बघितलं; अजून २ मिमी तरी आत यायला हवा. अनुस्वार चौकोनी, कोनावर उभा, बोरूने टेकवल्यासारखा: मध्ये एक टोचा, मग चार बाजूंनी चार तिरप्या भिंती. तो आणि शिरोरेषा यांच्यामध्ये किमान एका दंडाच्या रुंदीएवढा दगड राखायचा, नाहीतर ती पट्टी उडणार. म्हणून वरचा समास वाढवायचा, ३० मिमीचा ४०. उद्या पांढरी पेन्सिल टोकदार करून घ्यायची. अनुस्वार सगळ्यात शेवटी.