पुट्टी भरून रंग का मारत नाही?

"एवढा पत्रा कशाला कापत बसता? पुट्टी भरा, रंग मारा, आठवड्यात गाडी मोकळी!" जुनी, गंजलेली फियाट घेऊन नाशिकच्या अंबडला माझ्या गाडी-दुरुस्तीच्या शेडवर येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दाराखाली रंगाला फोड आलेला दिसतो, तिथे गंज सुरू झालेला नसतो. तिथून तो बाहेर पडत असतो. दाराखालचा जो उंबरा, ज्याला आम्ही सिल म्हणतो, तो आतून पोकळ असतो. पत्र्याचे तुकडे स्पॉट वेल्डने जोडून केलेली लांबट पेटीच ती. काचेच्या रबरातून झिरपलेलं, मॅटखाली साचलेलं, चाकांनी उडवलेलं पाणी हळूहळू त्या पेटीत उतरतं. पाणी जायची भोकं मातीने बुजली असतील तर तिथेच मुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जोड आतून फाकतो आणि रंग फुगतो. तो फुगा तुमच्या नजरेला पडेपर्यंत आतल्या पत्र्याची चाळण झालेली असते.

2019 च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. त्या पुरात नदीकाठच्या पेठेत उभी असलेली एक फियाट पुढे माझ्याकडे आली. धुऊनपुसून लख्ख केलेली, वर नवा रंग. सिल कापलं तर आतून पिठासारखा बारीक गाळ भसाभसा खाली आला. तळाचा थर हाताला अजून गार लागत होता. वरच्या रंगाला त्याचा पत्ताच नव्हता.

अशा जागी पुट्टी भरून काय होणार? पुट्टीला ताकद नसते आणि ती ओल धरते. भोकाच्या मागची बाजू उघडीच राहते, म्हणजे चकाकत्या रंगाखाली गंज निवांत आपलं काम करत राहतो. जुनी गाडी विकत घेणार असाल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. फडक्यात गुंडाळून सिलवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असं समजा.

दुसरं कारण याहून मोठं आहे. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यामुळे आपल्याकडच्या कारागिरांचा हात जीप-बोलेरोवर बसलेला. त्या गाड्यांना चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी. फियाट 1100 चं 103 मॉडेल 1953 साली इटलीत आलं तेव्हापासूनच त्याला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, आणि सिल हा त्यातला भार पेलणारा भाग. म्हणून कापायच्या आधी मी गाडी लेव्हलमध्ये स्टँडवर घेतो, दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे टेके टॅक करतो, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडतो, दाराच्या फटी मोजून खडूने लिहून ठेवतो. हे न करता कापलं की बॉडी मधोमध बसते आणि दार पुन्हा लागत नाही.

मग चांगला, चमकता पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. इथे कंजूषी नको, पण हावरटपणाही नको. कारखान्यातून आलेला पत्रा जिथे धड आहे तिथे तो ठेवायचाच, कारण त्याचा मूळ आकार पुन्हा मिळत नाही. तुकडा 20 गेज सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या साध्या पोलादी पत्र्याचा. "जीआय पत्रा लावा, गंजणार नाही," असंही सुचवतात. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे गरज असते नेमकं तिथूनच, आणि तो धूर कारागिराच्या छातीत जाऊन त्याला ताप भरतो. माझ्या माणसांना मी तो धूर घेऊ देणार नाही.

सीओटू वेल्डिंगने एक टॅक इथे, दुसरा वीतभर लांब. मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. सलग ओढलं तर पत्र्याला लाटा येतात, आणि त्या हातोडी आणि मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, म्हणजे डॉलीने, बसवता बसवता जीव जातो. सगळा वेळ जातो तो इथेच. पत्रा स्वस्त आहे, तुम्ही पैसे मोजता ते या थांबण्याचे.

जोड बंद करण्याआधी आतल्या कडांना जस्ताचा प्रायमर, रंगकाम उरकल्यावर पोकळीत मेणाचा फवारा, आणि तळाची भोकं मोकळी. पुट्टी मीही वापरतो, पण सगळ्यात शेवटी, नखभर जाडीची, पत्रा सरळ झाल्यावर.

आता तुमच्या गाडीचं. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबूस पडतो, म्हणून कापाकापीचं काम मी दिवाळीनंतर धरतो. तोवर मॅट आणि खालचा नमदा काढून टाका, फ्लोअर उन्हात वाळू द्या आणि दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करून ठेवा. रंग कोणता द्यायचा ते आत्ताच ठरवू नका.