डनवेगन कॅसल, मॅकलाउड कुळाचं घर आणि विजयदुर्गचा धागा

मी मूळचा देवगड तालुक्यातला, विजयदुर्ग बघतच मोठा झालो, त्यामुळे ग्लासगोला राहायला आल्यापासून स्कॉटलंडच्या आयल ऑफ स्काय या बेटावरचा डनवेगन कॅसल बघायचाच हे ठरलेलं होतं, शेवटी मे महिन्यात बायको-मुलांना घेऊन गेलो. कारण आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून लिहितोय.

हा कॅसल मॅकलाउड क्लॅनच्या प्रमुखांचं घर, साधारण ८०० वर्षं त्याच घराण्याकडे. क्लॅन हा शब्द गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला, मूळ अर्थ मुलंबाळं, म्हणजे आपल्या कुळासारखंच. मूळपुरुष लिओड, नॉर्स रक्ताचा, तेराव्या शतकातला. मॅक म्हणजे मुलगा, म्हणून मॅकलाउड.

आत सगळे आधी फेअरी फ्लॅगकडे धावतात. काचेमागे जीर्ण रेशमाचा पिवळट तपकिरी तुकडा, जवळ जाऊन बघा, लाल धाग्याने केलेलं बारीक रफूकाम दिसतं, मी तर तिथे दहा मिनिटं उभा होतो. परीने दिलेला झेंडा, संकटात तीनदा फडकवता येतो, दोनदा फडकवून झालाय अशी दंतकथा. शेजारी रोरी मोर या जुन्या प्रमुखाचं शिंग, त्यात दीड बाटली वाइन मावते, नव्या प्रमुखाने ती एका दमात संपवायची, शिंग खाली ठेवायचं नाही आणि स्वतःही खाली पडायचं नाही!

पण मी गेलो होतो जनरल नॉर्मन मॅकलाउडसाठी, हा २३वा प्रमुख. १७७३ साली इंग्रजी शब्दकोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉसवेल इथे पाहुणे आले तेव्हा हा १९ वर्षांचा पोरगा यजमान होता. पुढे कर्ज फेडायला फौजेत शिरला, हिंदुस्थानात आला, आणि एप्रिल १७८३ मध्ये मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या रेंजर जहाजावर असताना रत्नागिरीजवळ पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने गाठलं. मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह आधीच झाला होता तरी जबरदस्त लढाई झाली, मॅकलाउड जखमी झाला आणि जहाज विजयदुर्गला नेलं. त्याच जहाजावरचा कर्नल हंबरस्टन, तोही मॅकेन्झी क्लॅनचा प्रमुख, ३० एप्रिलला विजयदुर्गातच वारला. ज्या तटावर आम्ही लहानपणी धावलो तिथे स्कॉटिश हायलँडचे दोन कुळप्रमुख एकदम होते, हे नॉर्मनच्या घरात उभं राहून आठवलं आणि खरंच अंगावर काटा आला.

बाहेर पडल्यावर सी गेट चुकवू नका. १७४८ पर्यंत कॅसलमध्ये शिरायचा रस्ता हा एकच, समुद्राकडून, खडकात अरुंद पायऱ्या आणि दार. विजयदुर्ग बघितलेल्याला हा किल्ला का टिकला ते समजावून सांगावं लागत नाही.

आता कामाचं. ग्लासगोहून गाडीने सहा तास धरा, वाटेत फोर्ट विल्यम गावात थांबून खाऊन घ्या. बेटावर नेणाऱ्या स्काय ब्रिजला २००४ पासून टोल नाही. पुढे बरेच रस्ते सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच गाडी मावेल एवढे, समोरून गाडी आली की पासिंग प्लेस म्हणजे बाजूच्या रुंद जागेत थांबायचं, तिथे पार्क अजिबात करायचं नाही, मी एकदा घाईत केलं आणि मागे पाच गाड्या अडकल्या, फार वाईट वाटलं. नेटवर्क जातं, मॅप डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल स्कायवरच्या पोर्ट्री गावात भरा. कॅसल हिवाळ्यात बंद असतो, तारखा बघून तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळी उघडताच पोचा, नंतर बसेस येतात. सील हे समुद्री प्राणी दाखवणाऱ्या बोटीचं तिकीट वेगळं, हवा खराब असेल तर रद्द होते, मुलं सोबत असतील तर जाच. उन्हाळ्यात मिजेस नावाच्या बारीक माश्या सोलून काढतात, जाळीची टोपी घ्या.

अर्धा दिवस हातात असेल तर स्कायवरच्याच वॉटरनिश भागात ट्रम्पनचं पडकं चर्च बघा. १५७८ मध्ये वैरी कुळातल्या मॅकडोनल्डांनी आत प्रार्थना करणाऱ्या मॅकलाउडांसकट ते जाळलं, आदल्या वर्षी एग बेटावरच्या गुहेत मॅकलाउडांनी मॅकडोनल्डांना धूर करून मारल्याचा सूड म्हणून, असं सांगतात. आता तिथे गवत, थडगी आणि समोर समुद्र, बाकी काही नाही. वारा जबरदस्त असतो, जाकीट गाडीत सोडून उतरू नका.