वाकेन: शेजारी शेजारी दोन रंगमंच, आणि कानांची एकच जोडी

हॅम्बुर्गहून इत्सेहोला जाणारी गाडी पकडली की वाकेन ओपन एअर हा जर्मनीतला हेवी मेटल संगीताचा महोत्सव सुरूच झाला म्हणायचं. साधारण तासाभराच्या त्या प्रवासात डबाभर काळे टी-शर्ट, आणि कुणाच्या छातीवर कुठला बँड आहे एवढ्यावरून अनोळखी माणसांच्या गप्पा रंगतात. पुढे इत्सेहो स्टेशनवरून मैदानाकडे शटल बस जातात.

वाकेन हे श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातलं दोनेक हजार वस्तीचं शेतकरी गाव. १९९० साली इथे सहा बँड वाजले आणि आठशेच्या आसपास लोक जमले. आता ८५ हजार येतात. गावच्या अग्निशमन दलाचा ब्रास बँडही वाजतो, आणि त्याच्यासमोरही केस झटकणाऱ्यांची गर्दी असते. मला तो कार्यक्रम फार आवडतो. चुकवू नका.

आता मुख्य गोष्ट. फास्टर आणि हार्डर हे दोन मोठे रंगमंच अगदी शेजारी शेजारी आहेत. एकावर बँड वाजत असताना दुसऱ्यावर पुढच्याचे ड्रम लागतात, त्यामुळे इकडचं संपलं की तिकडचं सुरू. एरवीच्या कॉन्सर्टमध्ये सामान बदलायला लागणारा अर्धा तास कान आणि पाय दोघांनाही विसावा देतो. इथे तो आपला आपणच काढावा लागतो. वेळापत्रक हातात आलं की दिवसाचे चार-पाच बँड ठरवा आणि मधले खुशाल सोडा. सगळं ऐकायला धावणारा माणूस रात्री ज्याच्यासाठी आला त्याच बँडला पेंगतो.

कानात प्लग हवेतच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. फोमचे प्लग वरचे स्वर खाऊन टाकतात, गिटार गढूळ वाटते. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, स्वच्छ ऐकू येतात. आवाज सगळ्यात समतोल मिळतो तो आवाज जुळवणाऱ्या मिक्सरच्या तंबूजवळ. कठड्याला चिकटून वादकांचे हात दिसतात, पण गायक बऱ्याचदा ड्रमखाली दबतो.

माझं मन मात्र तंबूतल्या मेटल बॅटल या बँडच्या स्पर्धेत अडकतं. देशोदेशीच्या स्पर्धा जिंकून आलेले बँड इथे मोजक्या मिनिटांत जीव ओतून वाजवतात, आणि भारतातूनही बँड येतात. दुपारी तिथे जाऊन उभे राहा. (दिल्लीचा ब्लडीवुड हा बँडही, स्पर्धेबाहेर, २०१९ साली वाकेनला वाजला.)

मॉश पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्या गर्दीत, शिरायचं असेल तर बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, चष्मा काढून ठेवा. कुणी पडलं तर आजूबाजूचे सगळे थांबून त्याला उचलतात, तुम्हीही उचला. दमलात की कडेला सरका, कुणी अडवत नाही.

पावसाला हलकं घेऊ नका. २०२३ मध्ये चिखलामुळे नव्या लोकांना आत घेणंच थांबवावं लागलं होतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, तंबूखाली घालायला जाड प्लास्टिक आणि रात्रीसाठी एक गरम कपडा, एवढं हवंच. ऊन नऊनंतर मावळतं आणि मग गारठा झटकन उतरतो.

तिकिटं काही वर्षी तर काही तासांतच संपली आहेत, तेव्हा विक्री सुरू होण्याची वेळ आधीच टिपून ठेवा आणि तिकीट हातात येताच शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटमागे लागा. परतीचं विमान शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळचं काढू नका. त्या सकाळी सगळेच एकदम बसच्या रांगेत असतात.