कोपऱ्याला कोपरा जुळवणारी शिवण

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात क्विल्ट शिवणाऱ्या बायका नेमाने एकत्र जमतात. त्यांच्यात बसून शिवताना जाणवते की, आपली खानदेशातली गोधडी आणि ही क्विल्ट यांतला खरा फरक रंगाचा किंवा कापडाचा नसून कामाच्या क्रमाचा आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यांवर तुकडे मांडतात आणि धावदोऱ्याने सगळे एकदमच पक्के करतात, त्यामुळे एखादा तुकडा सरकला तरी पुढचा त्यावर चढवून घेता येतो. इथे मात्र आधी केवळ वरचा थर, चौकोनाला चौकोन जोडत, मशीनवर तयार होतो आणि सुरुवातीचा लहानसा फरक प्रत्येक ओळीत वाढत जातो.

म्हणूनच माया, म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंत सोडलेले कापड, पाव इंच आणि सगळीकडे सारखीच हवी. ती एक-सोळांश इंचाने जास्त गेली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून एका शिवणीत एक-अष्टमांश इंच कापड जाते आणि आठ शिवणींच्या ओळीत पुरता एक इंच कमी भरतो. अमळनेरच्या वहिनींनी फोनवर विचारले, "ताई, आमच्या पायाच्या मशीनवर जमेल का हो हे?" नक्की जमेल. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत आणि कापडाची कड त्यांना टेकवून शिवावे.

पण कोपरे जुळतात ते इस्त्रीमुळे. इथे पुष्कळ जणी टाचण्यांवर विसंबतात. माझा भरवसा इस्त्रीवर अधिक आहे. पहिल्या ओळीतल्या सगळ्या शिवणींची माया डावीकडे दाबावी, दुसरीतली उजवीकडे. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, नाहीतर कापड ताणले जाते. मग दोन्ही ओळी सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवल्या की मायेचे उंचवटे समोरासमोर येऊन अडकतात. अंगठा आणि तर्जनीत धरून हलके सरकवले, तर ते जिथे घट्ट बसतात ती जागा बोटांना स्पष्ट कळते; टाचणी लावायचीच असेल, तर तिथे लावावी आणि सुई जवळ येताच काढावी.

मशीनचे दात खालचे कापड पुढे ओढतात आणि वरचे दाबपट्टीखाली मागे रेंगाळते. त्यामुळे वरच्या तुकड्याची माया सुईच्या दिशेला आणि खालच्याची आपल्याकडे वळलेली ठेवली, की शिवताना तो सांधा आणखी आवळला जातो. एक ओळ किंचित लांब भरली, तर ती खाली घ्यावी, म्हणजे दात तिचा जादा भाग आपोआप सामावून घेतात.

त्रिकोणांची उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी कापलेली, कड मात्र हात लागताच ताणली जाते, आणि जुन्या साड्यांचे मऊ सुती कापड तर फारच. अशा कापडाला कापण्याआधीच खळ देऊन कडक इस्त्री करावी, कारण कापल्यानंतर ताणली गेलेली कड खळ देऊनही पूर्ववत होत नाही.